गरी टाकावी ती मासा मिळावा म्हणूनच

वाचकाचे पत्र: मी गोव्यात पर्वरीला राहतो. दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झालो. रक्तदाब वाढल्यामुळे डॉक्टरांनी मन रमेल असे काहीतरी करा म्हणून सांगितले, तेव्हा लहानपणी आजोळी, खांडोळ्याला शिकलेली गरी, म्हणजे दोरीला लावलेला गळ, पुन्हा हातात घेतली आणि दर रविवारी सकाळी रायबंदरच्या बांधावर जाऊन बसू लागलो. पहिले काही महिने फार सुखाचे गेले. मग माझे साडू सोबत येऊ लागले. त्यांच्याकडे महागडा रॉड, रीळ आणि प्लास्टिकचे खोटे मासे आहेत. मिळालेल्या माशाचे फोटो ते कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकतात आणि मला विचारतात, "तुमचा स्कोअर किती?" आता रिकाम्या हाताने परतलो की माझा सारा दिवस चिडचिडीत जातो. पत्नी म्हणते, पेट्रोलच्या पैशांत बाजारातून इसवण आली असती. एका मित्राने सुचवले की गरीला आमिषच लावू नका, म्हणजे मिळण्या-न मिळण्याचा प्रश्नच उरणार नाही. दुसरा म्हणतो, धरा आणि सोडून द्या. विश्रांतीसाठी गरवणे आणि मासे मिळवण्यासाठी गरवणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का? असतील, तर मी कोणती करावी?

सप्रेम नमस्कार.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मला वाटत नाही. गरी टाकायची ती मासा मिळावा म्हणूनच टाकावी, आणि जी विश्रांती आपल्याला हवी आहे ती त्या खटपटीतूनच मिळते, खटपट वगळून मिळत नाही. आपल्या बाबतीत बिघडले आहे ते दुसरेच काहीतरी.

त्या पहिल्या सुखाच्या महिन्यांत आपण बांधावर बसून नेमके काय करत होता ते आठवून पाहावे. दोरीला बांधलेले शिसे तळाला टेकले की तर्जनीवरून सोडलेला तंगूस (नायलॉनची दोरी) किंचित ढिला पडतो, मग ओहोटीचे पाणी त्याला हळूहळू ताणू लागते आणि त्या एकसारख्या ताणात मध्येच एक बारीक ठोका उमटतो. तो काळुंदराने आमिषाची कड कुरतडल्याचा आहे, कुर्लीने (खेकड्याने) आमिष नांगीत धरून बाजूला ओढल्याचा आहे, की वाहत आलेले खारफुटीचे पान दोरीला अडकल्याचा आहे, हे ठरवायला क्षणभराचाच अवधी असतो. हात त्या क्षणासाठी तयार ठेवायचा तर मनात निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, रक्तदाबाचे आकडे किंवा नात्यातल्या कुरबुरी यांना जागा देता येत नाही. आपले मन शांत झाले ते नुसते नदीकडे पाहून नव्हे, तर ते कामाला लागले होते म्हणून. त्या कामाला टोक होते, आणि ते टोक म्हणजे मासा.

म्हणूनच आमिषाशिवाय गरी टाकण्याचा आपल्या मित्राचा सल्ला, तो कितीही सद्हेतूने दिलेला असला तरी, मला मान्य नाही. पाण्याखाली काहीही घडणार नाही हे ठाऊक असलेला माणूस दोरीकडे किती वेळ लक्ष देईल? अर्ध्या तासात मनाला ते सोंग कळते आणि ते पुन्हा आपल्या जुन्या विवंचनांकडे वळते. नुसते नदीकाठी बसायचे असेल तर तेही उत्तमच आहे. मांडवीच्या काठी सकाळी बसण्यासाठी कुणालाही निमित्त लागू नये. पण मग गरी घरी ठेवून जावे.

आता बिघडले कुठे ते पाहू. त्या पहिल्या महिन्यांतही रिकाम्या हाताने परतण्याचे दिवस आलेच असणार, कारण गरीवर बसणाऱ्या कुणालाच ते चुकत नाहीत. तरी आपल्या पत्रात त्या दिवसांविषयी एका शब्दाची तक्रार नाही. त्या वेळी मासा मिळाला नाही तर ती गोष्ट आपल्या आणि नदीच्या दरम्यान राहत होती. आता ती साऱ्या नातलगांसमोर मांडली जाते आणि तिला गुण दिले जातात. साडूंचे मासे पाहून आपल्याला मत्सर वाटतो असे मी म्हणत नाही. मोजणारा बदलला की कामाची चव बदलते, आणि चाळीस वर्षे कचेरीत उद्दिष्टे गाठण्यात घालवलेल्या पिढीला आकड्यांपुढे उभे राहण्याची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की निवृत्तीनंतरही कुणी आकडा विचारला की आपण निमूटपणे उत्तर द्यायला लागतो.

त्यातही ही तुलना मुळात चुकीची आहे, हे आपण स्वतःशी नीट उलगडून पाहावे. आपले साडू वापरतात ते खोटे मासे हलत्या भक्ष्यावर झडप घालणाऱ्या चोणकासाठी किंवा तामशासाठी असतात. आपण हातदोरीला सुंगटाचा (कोळंबीचा) तुकडा किंवा पिठाची गोळी लावून बसत असाल तर आपल्याकडे येणार ती काळुंदरे, कुर्ल्या, कधी एखादे संगट (शिंगाळा). बांधाजवळच्या पाण्यात शेवट्यांचे थवे डोळ्यांसमोर उड्या मारताना दिसतात आणि तरीही गरीला एकही लागत नाही, याचे कारण आपले कौशल्य कमी पडते हे नसून, तो मासा तळाचा गाळ आणि शेवाळ खरवडून खातो आणि गरीवरच्या आमिषाकडे सहसा फिरकत नाही, हे आहे. दोन माणसे दोन वेगवेगळ्या माशांच्या मागे असताना एकाच तक्त्यात त्यांचे गुण मांडण्याला काय अर्थ आहे?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती आपल्या हातात आहे. आपण "दर रविवारी सकाळी" जाता. रविवार ठरलेला असतो, भरती ठरलेली नसते. ती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, म्हणजे सात दिवसांत जवळजवळ सहा तास. या रविवारी सहा वाजता नदी भरलेली असेल, तर पुढच्या रविवारी त्याच सुमारास ती ओसरलेली असते. घड्याळाची वेळ तीच ठेवून आपण प्रत्येक वेळी वेगळ्याच नदीपाशी जाऊन बसता. पाणी चढू किंवा उतरू लागले की त्याबरोबर अन्न हलते आणि मासा चरायला निघतो. भरती वा ओहोटी पूर्ण होऊन पाणी काही काळ थबकते तेव्हा दोरीही बहुधा शांत राहते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मांडवीच्या मुखापाशी पाणी सुमारे दोन मीटर चढते-उतरते आणि ओढ इतकी असते की हलके शिसे तळाला ठरत नाही. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, ते संथ असते आणि हातदोरीने गरवणाऱ्याला सोयीचे पडते. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आपल्या आजोळी कुणीतरी नक्की सांगितला असेल. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, हे त्याचे सोपे उदाहरण. बंदरागणिक त्यात थोडा फरक पडतो, पण अंदाजाला तो पुरेसा आहे, आणि नेमकी वेळ हवी असेल तर मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या वेळा सहज पाहायला मिळतात. बांध मुखापासून आत असल्याने तेथे पाणी मुरगावपेक्षा काहीसे उशिरा फिरते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

आपण निवृत्त आहात, तेव्हा रविवारलाच बांधून घेण्याचे कारण नाही. पंचांग पाहून दिवस निवडावा, पाणी फिरण्याच्या आधी तासभर पोहोचावे, फिरल्यावर तासभर बसावे आणि मासा मिळो वा न मिळो, उठावे. असे केल्याने मासे अधिक मिळतील असे मला वाटते. पण ते बाजूला ठेवले तरी एक मोठा लाभ होईल. रिकामा दिवस का गेला याचे कारण आपल्याला पाण्यात शोधता येईल, स्वतःमध्ये शोधत बसावे लागणार नाही. गरीवर वर्षानुवर्षे बसणारी माणसे फारशी चिडत नाहीत. त्यांचा स्वभावच शांत असतो असे नव्हे, तर आज पाण्याने काय केले याचे त्यांना कुतूहल असते आणि रिकाम्या दिवशीही ती काहीतरी शिकून परततात.

आता "धरा आणि सोडून द्या" या दुसऱ्या मित्राच्या सल्ल्याकडे येते. ह्यावर मला सविस्तर लिहायचे आहे, कारण हल्ली ही पद्धत फार सुसंस्कृत समजली जाते आणि तिच्याविषयी कुणी प्रश्न विचारत नाही.

माशाला वेदना होतात का, हा प्रश्न जुना आहे. २००३ साली स्कॉटलंडमधल्या रॉस्लिन संस्थेत लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचे विष आणि सौम्य आम्ल टोचून पाहिले. त्या माशांच्या तोंडाभोवती इजा जाणवणाऱ्या मज्जातंतूंची टोके आढळलीच, शिवाय ते मासे झुलू लागले, आम्ल टोचलेल्यांनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले आणि इतर माशांच्या मानाने बऱ्याच उशिरा पुन्हा अन्नाला तोंड लावले. याला आपल्यासारखी वेदना म्हणावे का, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. तरीही शंकेचा फायदा द्यायचाच असेल तर तो माशाला द्यावा, असे माझे मत आहे. स्वित्झर्लंडने २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमावलीत, पकडलेला मासा सोडून देण्याच्याच हेतूने गरवायला बंदी घातली, त्यामागचा विचार हाच आहे. खाण्यासाठी मासा धरणे समजण्यासारखे आहे. केवळ आपल्या करमणुकीसाठी त्याला गरीवर झुंजवून परत पाण्यात टाकणे तितकेसे समर्थनीय नाही.

म्हणून आपल्याला माझा सल्ला असा की, घरून निघतानाच आज स्वयंपाकघरात काय हवे आहे ते ठरवावे. दोघांच्या जेवणापुरती दोन-तीन काळुंदरे किंवा एक मध्यम तामसो, एवढे मिळाले की दोरी गुंडाळावी, मग मासे कितीही जोरात लागत असोत. मिळालेला मासा टोपलीत तडफडत ठेवू नये. डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्यावर लाकडी दांडक्याचा एक जोरदार घाव घालून त्याला लगेच मारावे आणि बर्फात ठेवावे. त्याची तडफड वाचते आणि मांसही अधिक चांगले राहते.

सोडायचे ते मासे मात्र आवर्जून सोडावेत, आणि कोणते ते ओळखायला शिकावे. पोटाखाली अंडी असलेली कुर्ली आणि अजून वाढीला न लागलेले पिल्लू, हे तर कुणीही सांगेल. चोणकाची गोष्ट फारशा कुणाला ठाऊक नसते. हा मासा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, त्याची मादी होते. फोटोत मिरवला जाणारा थोराड चोणक बहुतेक वेळा अंडी घालणारी मादी असते, आणि ती पावसाळ्याच्या सुमारास अंडी घालायला नदीच्या मुखाकडे उतरते. गोबऱ्याचे याच्या उलट आहे, तो आधी मादी असतो आणि पुढे नर होतो. तेव्हा सगळ्यांत मोठा मासा तोच सर्वांत मोठा पराक्रम, हा हिशेब नदीच्या दृष्टीने उलटा पडतो. साडूंनाही हे अवश्य सांगावे, आणि उपदेश म्हणून नव्हे तर माहिती म्हणून सांगावे. रॉड आणि रिळावर एवढा खर्च करणाऱ्या माणसाला माशाविषयी ऐकायला आवडतेच.

सोडताना हात आधी पाण्यात भिजवून घ्यावेत, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचे रोगापासूनचे कवच असते आणि कोरड्या हाताने तो निघून जातो. गरी घशात खोल गेली असेल तर ती ओढून काढू नये, दोरी तोंडाजवळ कापून मासा सोडावा. गरीचा उलटा काटा पकडीने चेपून सपाट करून ठेवल्यास ती सहज निघते. क्वचित मासा निसटतो, तो निसटू द्यावा. संगटाच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे विषारी असतात. काटा टोचलाच तर हात सोसेल इतक्या गरम पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवल्याने कळ कमी होते, पण काटा आत मोडला असेल तर डॉक्टरांकडे जाण्यात हयगय करू नये.

जागेविषयी थोडेसे. रायबंदरचा बांध पोर्तुगीजांनी १६३३–३४ च्या सुमारास घातला आणि तो तीन किलोमीटरांहून अधिक लांब आहे, त्यामुळे तेथे बसायला जागा कमी पडण्याचा प्रश्न नाही. फक्त वाहनांच्या रस्त्याकडे पाठ करून दोरी मागे भिरकावताना सांभाळावे. समोर चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात गरी घेऊन जाऊ नये. आजोळच्या ओढीने कुंभारजुव्याच्या कालव्यावर जावेसे वाटले तर तेथे मगरींची वस्ती आहे हे विसरू नये. पाण्यात पाय सोडून बसू नये आणि मासे काठावर साफ करू नयेत. खाजनाकाठच्या, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, मानशीपाशी (पाणी आत-बाहेर सोडण्याच्या दारापाशी) मासे धरण्याचा हक्क लिलावाने दिलेला असतो, तेथे विचारल्याशिवाय दोरी टाकणे म्हणजे कुणाच्या तरी पैसे भरून घेतलेल्या हक्कावर हात घालणे आहे. नदीत होडी घेऊन जाळे टाकणाऱ्यांच्या वाटेतही येऊ नये. आपण विश्रांतीसाठी जातो, त्यांची त्या पाण्यावर चूल पेटते. ह्याच कारणासाठी जास्तीचा मासा विकण्याचा विचारही करू नये, तो शेजारी द्यावा.

१ जून ते ३१ जुलै यंत्रबोटींची मासेमारी बंद असते आणि बाजारात मासा महागतो, तेव्हा गरवायला जाण्याची इच्छा बळावते. किनाऱ्यावरच्या गरीला ती बंदी लागू नसली तरी त्या दोन महिन्यांत नदी गढूळ आणि वेगवान असते, खडक निसरडे असतात आणि अनेक मासे अंडी घालण्याच्या बेतात असतात. दोनापावलच्या किंवा हणजुण्याच्या खडकांवर तर पावसाळ्यात मुळीच जाऊ नये. लाट माणसाला विचार करायला वेळ देत नाही. आपला रक्तदाब लक्षात घेता आपण ते दोन महिने गरी बाजूला ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आपल्या पत्नीचे म्हणणे हिशेबाला बरोबर आहे. पेट्रोल, आमिष, दोरी आणि शिसे यांची बेरीज केली तर गरीचा मासा बाजारच्या माशापेक्षा महाग पडतो, आणि तो तसाच पडणार. तेव्हा त्यांच्याशी या मुद्द्यावर वाद घालू नये. डॉक्टरांनी सांगितले म्हणून आपण हे सुरू केले, तेव्हा हा खर्च माशाच्या खात्यात न मांडता औषधाच्या खात्यात मांडावा, आणि बाजारातून इसवण आणायची जबाबदारी आपण स्वतःकडे घ्यावी. मासा मिळणार या भरवशावर त्यांनी वाटण काढून बसायचे आणि आपण रिकाम्या हाताने यायचे, ह्यात त्यांचा जो विरस होतो त्याचा आपल्या पत्रात उल्लेख नाही. मला तो त्यांच्या वाक्यात ऐकू येतो. निघताना "आज मिळेलच असे नाही, डाळ लाव" एवढे सांगून जावे.

राहिले साडू. त्यांना येऊ नका असे सांगण्याची गरज मला वाटत नाही. रॉडवाला आणि हातदोरीवाला एकाच बांधावर आनंदाने बसू शकतात. फोटो टाकणे हा त्यांचा आनंद आहे, तो त्यांनी बंद करावा अशी अपेक्षा ठेवू नये. आपण मात्र त्या गटाची सूचना बंद ठेवावी, आणि पुढच्या वेळी त्यांनी स्कोअर विचारला तर आकडा सांगू नये. "पाणी आज फार ओढत होते, शिसे ठरतच नव्हते," असे जे खरोखर घडले ते सांगावे. त्यांना रस असेल तर ते पुढे विचारतील आणि बोलणे माशांकडे वळेल. नसेल तर विषय तेथेच थांबेल. एवढे करूनही त्यांच्या सोबतीत आपले लक्ष दोरीवर ठरत नसेल, तर रविवार त्यांना द्यावा आणि आपण भांगाच्या एखाद्या मंगळवारी एकटे जाऊन बसावे. नात्यात वितुष्ट येईल असे त्यात काहीही नाही.

आपली,
सदरलेखिका